खोली खाली आहे

मंगला दामलेबद्दल उज्जैनच्या फ्रीगंजात जे बोलतात ते असं, की तिने बागमल सेठकडून रेशमी साडी घेतली आणि आवडाकाकूंची केस मुद्दाम बुडवली. हे सांगताना आमच्याकडच्या बायका मान तिरकी करतात, आवाज उतरवतात आणि "आपल्याला काय करायचंय बाई" अशी सुरुवात करतात. मला त्या सगळ्यांचे आवाज काढता येतात. पण साडीबिडी काही नाही. मंगलाताईकडे कोर्टात नेसायच्या दोनच साड्या आहेत, दोन्ही सुती, आणि एकीच्या निऱ्यांवर वकिलाच्या ऑफिसातली शाई सांडलेली आहे. केस बुडाली हे मात्र खरं.

मंगलाताई आमच्या शेजारची. वडील रेल्वेत पार्सल क्लार्क. लॉच्या वर्गात ती एकटीच मुलगी. शेवटच्या वर्षाला कॉलेजने सांगितलं, एखाद्या वकिलाकडे बसून काम शिका. मुलांना लगेच वकील मिळाले, तिला दोघांनी नाही म्हटलं. तिसरे भय्यासाहेब फणसे. ते आधी चष्मा पुसतात, मग घसा साफ करतात, मग बोलतात. "घेतो की. बायका पक्षकार येतात त्या माझ्यापुढे नुसत्या रडतात. आता तुमच्यापुढे रडतील. रडून झालं की मुद्दा काय तो मला सांगायचा."

तिला वाटलं होतं कायद्याची पुस्तकं वाचायला मिळतील. मिळालं काय, तर फायलींना नाड्या बांधणं, साहेबांच्या मागे दप्तर घेऊन चालणं आणि अर्जांच्या नकला काढणं. नकला करायला ती ऑफिसात आणि मी घरी, असं आमची आई म्हणायची. कोर्टात तिला तोंड उघडायची परवानगी नव्हती, कारण सनद नाही. भय्यासाहेब म्हणत, "वकिली कानांनी शिकायची असते, मंगलाबाई. तोंडाचं काम परीक्षेनंतर."

एकदा आईने विचारलं, "काय गं, शिकवतात का काही?"

"उभं राहायला शिकवतात," मंगलाताई म्हणाली आणि पाय चेपत बसली.

ते वर्ष राज्य बदलण्याचं. नोव्हेंबरात मध्यभारत संपला, मध्यप्रदेश आला. पेंटर शिडी लावून कचेऱ्यांच्या पाट्यांवरचं 'भारत' खरवडत होते. निम्मे मराठी कारकून भोपाळला जायच्या तयारीला लागले, आणि आमच्या कोर्टात जुने जजसाहेब जाऊन रीवाकडचे नवे आले. जुन्यांना उज्जैनच्या मराठी माणसांची हिंदी पाठ होती. नव्यांनी आयुष्यात मराठी माणूस पाहिला नसावा. ते प्रत्येक वाक्याच्या शेवटी "अच्छा" म्हणायचे, असं, की जिन्याचं दार लागावं.

त्यांच्यापुढेच आवडाकाकूंची केस उभी राहिली. काकू म्हणजे ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या खजिन्यातल्या एका कारकुनाची विधवा. मूलबाळ नाही. बागमल सेठच्या घरात नवऱ्याबरोबर त्या वरच्या मजल्यावर राहत, तो गेल्यावर तळमजल्यावर, जिन्याखालच्या एका खोलीत आल्या. सेठला ती खोली गोदामासाठी हवी होती. त्याचं म्हणणं, बाई देवासला पुतण्याकडे राहायला गेली, इथे नुसतं कुलूप आहे. काकू आजारपणात काही दिवस देवासला गेल्या होत्या, तेवढंच. त्या खोलीतच राहतात असं ठरलं तर कायदा त्यांना हलवू देत नव्हता. राहत नाहीत असं ठरलं, तर खोली गेली. आणि पुतण्याने आधीच सांगून टाकलं होतं, "काकू, चार दिवस या, पण कायमचं जमणार नाही."

काकूंना साक्षीसाठी तयार करायचं काम मंगलाताईकडे आलं. ती रोज संध्याकाळी त्यांच्याकडे बसे. काकूंची हिंदी दूधवाल्यापुरती. अर्धी मराठी, अर्धी हातवाऱ्यांची. मंगलाताई विचारी, काकू उत्तर देत, दोघी खूश.

साक्षीच्या दिवशी काकूंना सोबत म्हणून आई गेली आणि आईबरोबर मी. भय्यासाहेबांनी विचारलं, कहाँ रहती हैं. काकू म्हणाल्या, बागमलजी के घर. मग सेठचा वकील उठला. त्याचा आवाज तुपात बुडवलेला.

"माई, आपका कमरा, उसके बारे में बताइए."

"कमरा खाली है साब."

"ज़रा ज़ोर से."

"पूरा खाली है. ऊपर तो सेठजी का सामान है."

"कबसे खाली है, माई?"

"ये गये तबसे. पहले ऊपर थे."

"ये कौन?"

"हमारे ये," काकू म्हणाल्या आणि लाजल्या. कोर्ट हसलं. जजसाहेबांनी लिहून घेतलं, काकूंना वाचून दाखवलं, कमरा पूरा खाली है, और पति की मृत्यु के बाद से खाली है. काकूंनी जोरात मान हलवली आणि अंगठा उठवला. जजसाहेब म्हणाले, "अच्छा." सेठच्या वकिलाला पुढे काहीच विचारायचं नव्हतं. भय्यासाहेब बाहेर येऊन म्हणाले, "ठाम बोलल्या काकू. एकदम ठाम." मंगलाताईही हसत होती. आम्ही सगळे मराठी. काकूंच्या तोंडून 'खाली' आलं की आम्हाला जिन्याखालची ती खोलीच दिसायची.

त्या संध्याकाळी मी अंगणात सगळं कोर्ट करून दाखवलं. जजसाहेब, तुपाचा वकील आणि शेवटी काकू, पदर दातात धरून, जशाच्या तशा. समोरच्या मिश्राइन चाची हसत होत्या, मग म्हणाल्या, "अरे, जब कमरा खाली पड़ा है तो बुढ़िया झगड़ काहे को रही है? छोड़ दे."

मंगलाताई तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. "जयू, ते परत म्हण."

मी परत म्हटलं. ती चाचींकडे बघत राहिली. "चाची, आपने क्या समझा?"

"यही कि कोई रहता नहीं वहाँ. और क्या?"

मंगलाताई तशीच चपला घालून काकूंकडे गेली. मीही मागे. तिने समजावून पाहिलं, पण काकूंना चूकच कळेना. "अगं, मग वर आहे म्हणून सांगू? खोटं?"

तिथून आम्ही भय्यासाहेबांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, घसा साफ केला. "अंगठा झालाय. वाचूनही दाखवलंय."

"साहेब, तुम्हीही ऐकलंत ना. तुम्हालाही बरोबरच वाटलं."

"मला काय वाटलं हा मुद्दा नाही. साक्षीदार कुणी तयार केला?" मग कागद पुढे सरकवून, "अर्ज देऊ. काकूंना पुन्हा तपासायची परवानगी मागू. लिहा."

अर्ज तिनेच लिहिला आणि खाली सही साहेबांनी केली. परतताना टावर चौकात मी तिला म्हटलं, "ऐकतीलच जजसाहेब. एका शब्दासाठी कुणी म्हातारीचं घर काढतं होय?"

"नाही ऐकणार."

"तुझीच केस ना? आणि तूच असं म्हणतेस?"

"मी भय्यासाहेबांच्या मागे उभी असते, जयू. मला दिसतं."

"लाव पैज."

"लावते. निकाल काकूंना हरणारीने सांगायचा."

मी कुरकुर केली, कारण मी जिंकले तर आनंदाची बातमी सांगायची मजा तिला मिळणार होती. ती कचोरीवाल्याकडे बघत होती, पण घेतली नाही.

अर्जाच्या दिवशी काकूंचे गुडघे धरले होते, त्या आल्या नाहीत. भय्यासाहेब उभे राहिले. मला वाटलं आता ते सांगतील, हुजूर, मराठीत या शब्दाचा अर्थ वेगळा, मीसुद्धा तसाच घेतला. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "हुजूर, मेरे यहाँ एक लड़की काम सीखती है. गवाह को समझाने में उसकी भूल हो गई."

सगळं कोर्ट मागे वळून मंगलाताईकडे बघायला लागलं. साडीची गोष्ट तिथेच जन्मली असणार. ती उठली. "साहब, मराठी में खाली मतलब..."

"आप वकील हैं?"

"जी नहीं."

"तो बैठिए." मग जजसाहेब भय्यासाहेबांना म्हणाले, "गवाह हिंदी में बोली, हिंदी में लिखा गया, पढ़कर सुनाया गया. अब सिखाकर दूसरा बयान करवाएँगे आप?" अर्ज नामंजूर झाला, आणि पुढच्या तारखेला निकालही तोच लागला. अच्छा.

निकालानंतर बाहेर भय्यासाहेबांनी दप्तर मंगलाताईच्या हातात दिलं. "शिकण्यात असं व्हायचंच. उद्या जरा लवकर या, मुंशी रजेवर आहे." तिने दप्तर घेतलं. कोर्स पुरा झाल्याचं सर्टिफिकेट त्यांनीच द्यायचं होतं.

आम्ही दोघी काकूंकडे गेलो. काकू शेगडीपाशी बसून वांगी भाजत होत्या. "काय म्हणाले गं साहेब?"

पैज मी हरले होते, म्हणून मी सांगितलं. कसं सांगायचं ते सुचेना, तेव्हा जजसाहेब जे बोलले तेच मी मराठीत बोलले, आणि माझ्या नकळत आवाजही त्यांचाच आला. महिन्याभरात खोली सोडायची.

काकू हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "मेली, अगदी हुबेहूब करतेस." मग त्यांनी मंगलाताईकडे पाहिलं. ती दारात उभी होती, साहेबांचं दप्तर अजून छातीशी धरून.

"काकू, ती नक्कल करत नाहीये," मंगलाताई म्हणाली.