खांबावरची आदरांजली

मी पोह्यांचं ताट घेऊन बाहेरच्या खोलीत आले आणि मुलाच्या आईच्या हातातला पाण्याचा पेला खाली पडला. बाई भिंतीला चिकटली. मुलाचे वडील उठले, परत बसले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "या कोण?" माझी थोरली आत साडी नेसून बसलेली. तिला बघायला बदलापूरच्या कात्रपहून आलेले हे पाहुणे खालच्या आवाजात जयभीम करून टेकले होते, ते माना खाली घालून गप्पच. मला आतून बघून वाटलं, मर्यादेची माणसं आहेत. नवरा कोपऱ्यावर थंडा आणायला गेलेला. तेवढ्यात शेजारीण धावत आली. "अगं, खाली खांबावर तुझं चित्र लागलंय. भावपूर्ण आदरांजली लिहिलंय." पाहुणे मुलगी बघायला निघाले होते, ते गेटपासून माझ्या दुखवट्याला आले होते.

हे काम माझ्या धाकट्या दिरांचं. अख्ख्या अंबरनाथमध्ये बिनकामाचं काम इतकं मन लावून करणारा दुसरा माणूस झाला नाही. उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या प्रेसमध्ये ते पापडाच्या नि साबणाच्या खोक्यांवरची चित्रं काढायचे, आणि घरी आले की चहा पिऊन पुन्हा कार्डशीट पसरायचे. हे मात्र मौजेसाठी, हात चालू राहावा म्हणून. कुणी न मागितलेली पोस्टरं. मोरीला नवी फरशी बसली की 'भव्य उद्घाटन'. एकदा बायकांच्या नाटकाचं केलं, 'फक्त महिलांसाठी, प्रवेश फुकट', तर चाळीतल्या बायका गजरे माळून मैदानात जाऊन बसल्या. नाटक होतं दिरांच्या डोक्यात. बायकांनी शिव्या दिल्या तर हे खूश. "म्हणजे वाचलं ना सगळ्यांनी?" पोस्टर लांबून वाचता आलं पाहिजे, हा त्यांचा नेम. त्यासाठी ते गेटजवळच्या विजेच्या खांबाला बांधायचं आणि उलट्या पावलांनी रिक्षा स्टँडपर्यंत मागे जात बघायचं. कितीदा गटारात पडले. पाय धुवायचे, की परत खांबाशी. चेहरे घरचेच वापरायचे, बहुतेक माझाच. "वहिनी, तुमच्या तोंडावर सावली झकास बसते." मी वाघाशी खेळणारी झाले, दंतमंजनवाली झाले. मी चौथी शिकलेली, मला त्यातलं काय कळणार.

त्या दिवशी आदरांजलीची पाळी होती. लग्नाची अक्षरं कुणालाही जमतात, दुःखाची जमली पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. पाहुण्यांनी पोस्टर वाचून स्टँडवर त्यांनाच विचारलं, घर हेच का? दीर काळा रंग जास्त झालाय का ते बघण्यात गुंग. नुसती मान हलवली.

पाहुण्यांनी पोह्यांना हात लावला नाही. ते गेल्यावर मी दिरांना चाळीदेखत बोलले, "मला मारलंत ते मारलंत, पोरीचं का मोडलंत?" त्यांनी पोस्टर काढून फाडलं. पुढे जेवायला बसले की तोंड भिंतीकडे. नळावर बायका मला विचारायच्या, "काय मावशी, वर पाणी वेळेवर येतं का?" मला हसता येईना. मान वर करून हंडा उचलता येईना.

रविवारी दीर एकटेच कात्रपला गेले. मुलाच्या आईने चहा दिला आणि सांगितलं, "भाऊ, आम्ही शकुन-अपशकुन मानत नाही. पण त्यांना विहीण कशी म्हणू? समोर आल्या की गेलेल्यांच्या फोटोपुढे जोडतात तसे माझे हात जोडले जातील." दिरांनी घरी येऊन हे एक शब्द न गाळता सांगितलं. थोरली ऐकत होती. ती उठून आत गेली. बरेच महिने काकाशी बोलली नाही.

पुढच्या वर्षी तिचं विठ्ठलवाडीत जमलं. लग्नाच्या हॉलच्या दारावरचा नावांचा बोर्ड बाहेरच्या पेंटरकडून करून घ्यायचा, असं तिनेच बजावलं. अक्षरं वाकडी आली. दीर हात मागे बांधून त्या बोर्डासमोर उभे होते. अगदी जवळ. मी म्हटलं, "भाऊजी, चला, वंदना सुरू झाली."

"छान केलंय, वहिनी," म्हणाले.

दुसऱ्याच्या अक्षरांना त्यांनी छान म्हटलेलं मी तेवढंच ऐकलं. घरात पुन्हा कार्डशीट आली नाही. आणा, असं मीही म्हटलं नाही.

पुढे दीर गेले. नवरा गेला. कात्रपची ती बाईही गेल्याचं मध्यंतरी कळलं. मी आहे.