शेवटचा चिमटा

माझ्या धाकट्या भावाला अख्खा रस्ता 'ठिणगी' म्हणायचा आणि तो मूर्ख त्यावर खूश असायचा. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं गाड्यांच्या बॅटऱ्यांचं दुकान. बॅटरीत जीव किती उरलाय हे बघायला मीटर होतं, पण ते धूळ खात पडलेलं. हा वायरचं टोक बॅटरीवर झटकन घासायचा, चर्रकन ठिणगी उडायची आणि ती बघून सांगायचा, "अजून एक हिवाळा काढेल." लोक बघायला थांबायचे. मी म्हणायचे, "एखाद दिवशी डोळ्यांत जाईल." त्यावर तो म्हणायचा, "ताई, तुझ्या जिभेला काही हाड?"

एक दिवस गेलीच. कुणाची तरी बंद पडलेली गाडी दुसऱ्या बॅटरीवरून चालू करून देत होता. उतरलेल्या बॅटरीतून गॅस निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी हमखास उडते, म्हणून काळ्या वायरचा शेवटचा चिमटा बॅटरीपासून लांब, इंजिनच्या लोखंडाला लावायचा असतो. हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. पण बघणारे जमले होते ना! त्याने चिमटा थेट बॅटरीवरच घासला. बॅटरी फुटली, ॲसिड तोंडावर. मी पाणी ओततेय, ओततेय, आणि तो विचारतोय, "ताई, दिवे का मालवलेस?" भरदुपार होती.

त्याची बायको आधीच गेलेली. पोरगी मी वाढवली. दुसरीकडे कुठेतरी नोकरी बघ म्हणून घसा फोडला, पण खाण तशी माती. तिने दुकानच धरलं. भावाची एकच अट होती. प्रत्येक चिमटा लावण्याआधी तिने मोठ्याने सांगायचं, स्टुलावर बसून त्याने "हं" म्हणायचं, मगच तिने लावायचा. गिऱ्हाइकं हसायची. "बापलेक पाढे म्हणताय काय?" असं विचारायची. एकदा त्याने हं म्हणायच्या आधीच ती पुढे गेली, तर याने हातातला चहा फेकला आणि नंतर स्वतःच रडत बसला. म्हणाला, "माझे गेले ते गेले. तुझे नाही जाऊ द्यायचे." तेव्हापासून तिने कधी घाई केली नाही.

संध्याकाळी तो आमच्या जुन्या गाडीत जाऊन बसायचा, स्टिअरिंगवर हात ठेवून. गाडी पोरगी चालवायची, रुबाब मात्र याचा! एका संध्याकाळी छातीत जड वाटलं म्हणून लवकर उठून आत आला. गाडीचं दार नीट लागलंच नाही. आतला दिवा रात्रभर जळत राहिला. आंधळ्याला तो दिसणार कसा? आणि डोळस आम्ही दोघी पांघरुणात.

पहाटे तो घामाने निथळत होता, डावा हात धरून कण्हत होता. ॲम्ब्युलन्सवाले म्हणाले, तासभर लागेल. आम्ही त्याला धरून धरून गाडीच्या मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं माझ्या मांडीवर. पोरीने किल्ली फिरवली. टक्. बस, एवढंच. पुन्हा फिरवली, तर टक्‌ही नाही.

"अगं, मग बॅटरी बदल की!" मी ओरडले.

"बोल्ट गंजलेत, आत्या. काढेपर्यंत वेळ जाईल."

ती पळत गेली आणि दुकानातली भरलेली बॅटरी आणि चिमट्यांच्या लाल-काळ्या वायरी हातगाडीवर घालून घेऊन आली. बॉनेट उघडलं. आता ती मला दिसत नव्हती, नुसती खुडबुड ऐकू येत होती. बाजूने डोकावले तर बाईसाहेब डोळ्यांना चष्मा चढवतायत!

"चष्मा कसला घालतेस? लाव ना ते चिमटे कुठेही!"

भावाने माझं मनगट धरलं. बोटं बर्फासारखी गार. "ताई, गप्प बस. तिला बोलू दे."

"बाबा, दिवे, रेडिओ, सगळं बंद. बॅटरीला तडा नाही."

"हं."

"लाल, उतरलेलीच्या प्लसला."

"हं."

"लालचं दुसरं टोक, भरलेलीच्या प्लसला."

तो श्वास घेऊन म्हणाला, "हं."

"काळी, भरलेलीच्या मायनसला."

हा हं फक्त मला ऐकू आला. ती पुन्हा म्हणाली, "बाबा? काळी, भरलेलीच्या मायनसला." त्याने सगळा जीव गोळा केला आणि मोठ्याने म्हटलं, "हं."

"आता शेवटचा. इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब."

माझ्या मनगटावरची बोटं सैल पडली.

"बाबा, शेवटचा. लोखंडाला."

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मला कळलं. आता हे ओरडून सांगितलं असतं, तर हातात चिमटा धरलेली ती पोर काय करून बसली असती? डोळे गेल्यापासून त्याने एवढ्याच एका गोष्टीची धास्ती घेतली होती.

मी म्हटलं, "हं."

बॉनेटमागची खुडबुड थांबली. आवाज माझा होता, तिला कळणार नाही असं कसं होईल? मग लोखंडावर चिमटा बसल्याचा आवाज आला. ती पुढे येऊन बसली, आमच्याकडे न बघता किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्याच झटक्यात चालू झाली.

ती पुन्हा खाली उतरली. आता चिमटे उलट्या क्रमाने काढायचे होते. "लोखंडावरचा काळा," ती म्हणाली. आवाज फाटला होता, पण ती थांबून राहिली.

"हं," मी म्हटलं.