हॉर्नबीचं लाल आकाश

जे सांगणार आहे ते मिलिंदला, माझ्या नवऱ्याला, माहीत नाही. माझ्या दादाला तर नाहीच. जिला सांगायला हवं होतं ती आता राहिली नाही. म्हणून तुम्हाला सांगतेय — तुम्ही मला ओळखत नाही, हे सोयीचं आहे. बघा, इथेही मी सोयच बघतेय.

मी नर्स आहे. न्यूझीलंडमध्ये, ख्राइस्टचर्चला, म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ते लागणार आहे.

बाबा गेल्यावर आई आमच्याकडे, ख्राइस्टचर्चच्या हॉर्नबी उपनगरात, राहायला आली. थोडे महिने म्हणून आली, मग व्हिसा वाढवला, मग पुन्हा वाढवला. नाशिकला दादाचं मोठं घर होतं, पण दादाकडे दर वेळी काहीतरी निघायचं — मुलीची बारावी, घराचं रंगकाम, वहिनीचा गुडघा. आईची तक्रार नव्हती. तिला इथे करमत होतं. मागच्या अंगणात तिनं मेथी लावली होती. शेजारच्या म्हाताऱ्या मार्गरेटला ती जुडी नेऊन द्यायची आणि दोघी एकमेकींची भाषा न कळता कुंपणापाशी उभ्या राहून गप्पा मारायच्या.

त्रास मला होत होता. कसला? हेच तर सांगता येत नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतंच. मी ड्यूटीवरून आले की ती चहा घेऊन दारात उभी असायची. मी कपडे बदलायला गेले तरी दाराबाहेरून बोलत राहायची. दिवसभर वॉर्डात म्हाताऱ्यांचं ऐकायचं आणि घरी आल्यावर पुन्हा — पुढचं वाक्य लिहिवत नाही. मला माझं घर परत हवं होतं. आणि दादावर राग होता. आईला तो गोड बोलून माझ्यावर ढकलतोय, आणि मला ते कळतंय, आणि तरी मला तोंड उघडता येत नाही, याचा राग.

त्या संध्याकाळी मिलिंद कामासाठी ऑकलंडला गेला होता. जूनचे दिवस, म्हणजे इथला हिवाळा, अंधार लवकर पडलेला. आई दोरीवरचे कपडे काढायला मागे गेली आणि तिनं मला हाक मारली. “वृंदा, कुठं आग लागलीय का गं?”

मी बाहेर गेले. दक्षिणेकडच्या घरांच्या छपरांवर आकाश लाल झालं होतं. मलाही आधी आगच वाटली, तिकडे गोदामं आहेत म्हणून. पण धूर नव्हता. लाल रंगाखाली हिरवट कड होती, आणि मग त्यातून फिकट उभ्या पट्ट्या वर चढल्या आणि हळूहळू सरकायला लागल्या. मार्गरेट ड्रेसिंग गाउनमध्ये बाहेर आली आणि कुंपणापलीकडून म्हणाली, ऑरोरा आहे, इतका चांगला मी जन्मात पाहिला नाही. मी आईला समजावून सांगितलं. ध्रुवाजवळ दिसतो तो प्रकाश, कधीतरी इथवर येतो. तिनं अजून ओलसर असलेले कपडे खांद्यावर टाकले आणि माझं मनगट धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. मग म्हणाली, “तुझे बाबा असते तर म्हणाले असते, आधी स्वेटर घाला.” आम्ही दोघी हसलो. खूप दिवसांनी हसलो होतो.

म्हणजे मी तिथे होते. तिच्या शेजारी. हे नीट लक्षात ठेवा.

नंतर आईनं ते सगळ्यांना फोन करकरून सांगितलं. तिला ऑरोरा हा शब्द काही आठवायचा नाही. ती आपली सांगायची, आभाळ लाल झालं आणि त्यात ओल्या साड्या वाळत घातल्यासारखं काहीतरी हलत होतं. रविवारी दादाचा फोन आला तेव्हा ती मार्गरेटकडे गेली होती. त्यानं हसतच विचारलं, आई हे लाल आकाशाचं काय सांगतेय?

हो, दिसलं आम्हाला — एवढंच म्हणायचं होतं. नाही का? मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तेवढ्यात मला सगळं दिसलं, पायरी पायरीनं, अगदी स्वच्छ. मग मी आवाज खाली आणून म्हणाले, “दादा, मला त्याबद्दल तुझ्याशी बोलायचंच होतं.”

तसं काही नव्हतं, मी म्हणाले. तिला दिसलं. मला नाही. मग वॉर्डातले शब्द वापरले — भास, गोंधळ, सुरुवातीची लक्षणं. मी दिवसभर घराबाहेर असते, तिला एकटं ठेवणं आता धोक्याचं आहे. दादानं उलट प्रश्न केला नाही. नर्सला काय विचारणार? दोन महिन्यांत आई नाशिकला होती. मिलिंदला मी सांगितलं की दादाचाच आग्रह आहे. विमानतळावर आई मला म्हणाली, मेथीला पाणी घाल.

इथे थांबले असते तरी एक वेळ — नाही, एक वेळ काही नाही. पण मी इथे थांबलेही नाही.

दादा तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. मी सांगितलेलं सगळं त्यानं त्यांना माझ्याच शब्दांत सांगितलं. आईनं तिथेही सांगितलं की मी खरंच पाहिलंय. त्यांच्या वहीत तोही एक पुरावाच झाला असणार. मग एका संध्याकाळी दादानं व्हिडिओ कॉल लावला. आई पलंगावर बसली होती, केस नीट विंचरलेले, परीक्षेला बसवल्यासारखी. म्हणाली, “वृंदा, तू सांग याला. तू होतीस ना माझ्याजवळ?”

दादा तिच्या मागे उभा होता. माझ्याकडे बघत होता.

मी म्हणाले, “आई, मला नाही गं असं काही आठवत.”

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं मान हलवली आणि मलाच धीर दिल्यासारखं म्हणाली, “असेल बाई. मलाच वाटलं असेल.”

नंतर दादानं गोळ्यांच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला आणि विचारलं, ठीक आहेत ना? मला त्या गोळ्या माहीत होत्या. म्हाताऱ्या माणसाचं त्या काय करतात, हे मी रोज बघते — पाय जड होतात, चेहरा उतरतो, माणूस पडतो. मी लिहिलं, ठीक आहेत, डॉक्टर सांगतील तशा चालू ठेव.

पुढे एकदा दादानं टीव्हीच्या बातमीतला तुकडा पाठवला होता. न्यूझीलंडचं आकाश, लाल-हिरवं. तुमच्याकडे असं दिसतं का गं? मी उत्तर दिलं, फार दक्षिणेला, कधीतरी. आमच्याकडून नाही. त्यानं पुन्हा विचारलं नाही. विचारायचं नसेलही त्याला. पण त्याचं त्याच्यापाशी.

त्यानंतरच्या दिवाळीत मी नाशिकला गेले. आई कुणाचा तरी हात धरून चालत होती. शेजारच्या बाई आल्या होत्या, त्यांनी तिला विचारलं की न्यूझीलंड कसं आहे हो, आवडलं का? आई थांबून थांबून म्हणाली, छान आहे, हिरवंगार आहे, पण मला तिथं भास व्हायला लागले म्हणून मुलीनं परत पाठवलं, तिनं फार केलं माझं. मी समोर बसून करंजीचे तुकडे करत होते, तिला चावायला सोपे जावेत म्हणून. खोलीत आम्ही तिघीच होतो. दादा घरात नव्हता. एक वाक्य पुरलं असतं. मी ताटली तिच्या पुढे सरकवली.

थंडी संपता संपता ती न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. तिथून ती उठली नाही.

तेराव्याला सगळी माणसं गेल्यावर दादा माझ्याजवळ येऊन बसला. रडून त्याचे डोळे सुजले होते. म्हणाला, “तू वेळेवर ओळखलंस म्हणून. नाहीतर आम्हाला कळलंही नसतं.”

मी म्हणाले, “हं.”