शिवलेल्या तोंडाची पिशवी

मायबाप हो, धनाच्या मागे धावणारे पुष्कळ पाहिले. साठवलेल्या धनाला हात लावायलाच भिणारी मात्र एकच पाहिली. गल्लीच्या वळणावर शिलाईयंत्र चालवणारी ती बाई. सारी गल्ली तिला मावशी म्हणे.

तिचा नवरा घरे रंगवायचा. एके दुपारी तो परांचीवरून पडला. दवाखान्याच्या खिडकीवर आधी अनामत रक्कम मागितली. मावशी दारोदार फिरली. कुणी थोडे दिले, कुणी उद्याचा वायदा दिला. ती परतली तेव्हा तो भिंतीला टेकून होता. "झाली का गं सोय?" एवढेच त्याने विचारले आणि डोळे मिटले. सोय झाली नव्हती.

त्या दिवसापासून प्रत्येक शिलाईतला पहिला घास पिशवीचा. पिशवी जाड कापडाची; तोंड दुहेरी टाक्यांनी शिवून टाकलेले, वर बोटभर फट. पैसा आत जाईल, बाहेर येणार नाही. आणि यंत्र थांबले की, त्या शांततेत मागून आवाज येई, "झाली का गं सोय?" मागे वळून न पाहता ती म्हणे, "होतेय हो."

भक्ताच्या श्वासात नाम असावे, तसा तो प्रश्न तिच्या श्वासात होता. छप्पर गळले, "हे काही संकट नव्हे," म्हणून तिने बादली ठेवली. दाढ ठणकली, "हेही नव्हे," म्हणून लवंग धरली. चष्म्याची काच तडकली. तड्यातून पाहत तिने सुई ओवली. अहो, संकटासाठी राखलेले धन, आणि एकही संकट त्याच्या तोलाचे ठरेना!

घरात सोबतीला नणंद होती, नवऱ्याची धाकटी बहीण. जिभेची मिरची, मनाचे लोणी. एका सकाळी ती पोट धरून खालीच बसली. डॉक्टरांनी तपासले. "अपेंडिक्स आहे. आजच ऑपरेशन करावे लागेल. पैसे घेऊन या."

दोघी घरी परतल्या आणि मावशीने पिशवी मांडीवर घेतली. टाके उसवायचे पाते हातात घेतले आणि हात तिथेच थिजला.

"याहून मोठं काही आलं तर गं?"

नणंद कण्हत म्हणाली, "म्हणजे संकटाच्या परीक्षेत मी नापास?"

"तसं नाही गं बाई. पण उद्या..."

"वहिनी, गिऱ्हाईक अंगानं भरलं की शिवण उसवून आतलं राखलेलं कापड सोडतेस ना? त्याला विचारतेस का, आणखी जाड झालात तर काय करू म्हणून?"

मावशीची नजर नणंदेच्या खांद्यावरून पलीकडे, रिकाम्या भिंतीवर खिळली होती.

"दादाकडे बघतेयस तू," नणंदेने तिची हनुवटी धरून स्वतःकडे वळवली. "मी इथं आहे, वहिनी. अजून आहे."

मग पाते चालले. टाका तुटला, दुसरा तुटला, आणि हुंदक्यासारखी पिशवी उघडली.

खिडकीवरचा कारकून चुरगळलेल्या नोटा सरळ करता करता म्हणाला, "मावशी, टांकसाळ फोडलीत की काय?" रक्कम पुरली. नणंदेला आत नेले.

मावशी बाकावर बसली, कडेला सरकून. एक बाई शेजारी बसू लागली, तशी मावशीने जागेवर हात ठेवला. "इथं हे आहेत," ती हळूच म्हणाली. बाईने इकडेतिकडे पाहिले, कुणीच दिसेना. ती उभीच राहिली. कुणाची पावले वाजली की मावशी दाराकडे पाही. हे दयाघना, वाट पाहण्याएवढे कठोर तप तू कुणालाही सांगू नकोस!

दार उघडले. "नातेवाईक कोण?"

भिंत धरून मावशी उठली.

नर्स म्हणाली, "शुद्धीवर आल्यात. सगळं ठीक आहे. पण सारखं विचारताहेत, वहिनीनं सकाळपासून काही खाल्लं का?"

"पोटभर खाल्लं म्हणून सांगा," मावशी म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. मग उभ्या असलेल्या त्या बाईकडे वळली.

"बसा हो," ती म्हणाली. "जागा आहे."