वहिनीच्या दंडावरचा हात

आमच्या घरात आईला अव्वा म्हणत. गुळाची अडत असलेल्या घरात तोंडंही गोड असतील असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं अव्वाला ऐकलेलं नाही.

वहिनी कबनूरची. लग्नाला तीन-चार वर्षं झाली असतील, तेव्हापासून ती पाटावरून उठताना भिंत धरू लागली. पुढं पुढं तर गुडघ्यांवर हात रोवून, मग मांड्यांवर हात टेकत टेकत, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखी उठायची. घागर कमरेवर येईना. हात वर करून अंबाडा बांधता येईना. तो मी बांधायचे. पण बोटं शाबूत होती. तांदूळ निवडायची, गजरे गुंफायची, सुईत दोरा तर घरात तीच ओवायची. घात झाला तो इथंच.

"गजरं गुंफाया ताकद हाय आन् घागर उचलाया न्हाय व्हय?" अव्वा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारायची. अंगचोर म्हणायची, नखरेल म्हणायची. शेवटी तिनं कबनूरला निरोप धाडला, येऊन घेऊन जावा तुमची लेक. अशी माहेरी धाडलेली सून आमच्यात परत आणत नसत, हे वहिनीला ठाऊक होतं. दादा खाली मान घालून पेढीवर जायचा. त्याचा मला आजही राग येतो.

तेवढ्यात मुंबईला शिकून आलेल्या एका डॉक्टरांचं नाव कुणीतरी सुचवलं. अव्वा गेली ती वहिनीचं सोंग उघडं पाडायला. मी गेले वहिनीला धरायला.

डॉक्टरांनी तिला जमिनीवर बसवून उठायला लावलं. गुडघ्यावर रबरी हातोडी मारली, टाचणी टोचून कळतं का विचारलं. सगळं कळत होतं. मग दंडाचा जोर बघायला त्यांनी हात पुढं केला, तशी वहिनी पदर ओढून मागं सरली. परक्या पुरुषाच्या हाताशी जोर लावायचा कसा? डॉक्टर रागावले नाहीत. अव्वाला म्हणाले, "आई, तुम्हीच दाबा. मी बघतो."

वहिनीनं हात कसाबसा खांद्याइतका वर आणला. अव्वानं दंडावर तळवा ठेवला आणि हात खाली आला.

"धर की गं!" अव्वा खेकसली.

पुन्हा. वहिनीच्या ओठावर घाम जमला. हात थरथरत, सावकाश खाली गेला. मग अव्वानं नुसती दोन बोटं टेकवली. तरीही गेला.

"सोंग करणाऱ्याचा हात मध्येच एकदम सुटतो," डॉक्टर म्हणाले. "हिनं शेवटपर्यंत सोडला नाही. आहे तेवढा सगळा जोर लावलाय पोरीनं. खांद्यांचे आणि मांड्यांचे स्नायू झिजताहेत. बोटांपर्यंत ते अजून पोचलेलं नाही, एवढंच."

"औषध?" अव्वानं विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

परतताना टांग्यात अव्वा ती दोन बोटं दुसऱ्या हातात घट्ट धरून बसली होती. कबनूरहून वहिनीचा भाऊ आला, त्याला तिनं जेवू घातलं आणि एकट्यालाच परत पाठवलं.

मग रोज दिवेलागणीला अव्वा वहिनीजवळ बसू लागली. "उचल बघू," म्हणायची आणि दंडावर तळवा ठेवायची. कालच्यापेक्षा जोर वाढलाय का बघायची. तेल झालं, नवस झाले. जोर काही वाढला नाही. हळूहळू अव्वाचाच तळवा हलका होत गेला. मला ते दिसायचं आणि जीव तुटायचा.

शेवटच्या उन्हाळ्यात वहिनीची बोटंही गेली. गजरे मी गुंफू लागले. त्याच दिवसांत एकदा कंदील ठेवायला आत गेले, तर अव्वाचा एक तळवा वहिनीच्या दंडावर होता आणि दुसरा खालून, पदराआड. वहिनीचा हात वर येत होता.

"आज लई जोर हाय की गं," अव्वा म्हणाली.

वहिनीनं तिच्या तोंडाकडं बघितलं.

"व्हय आत्याबाई," ती म्हणाली. "तुमचा हात जड लागलाच न्हाय आज."