साडेपाचची नोंद

आमच्या वहिनीला गल्लीत सगळे ढगवाल्या बाई म्हणतात. हवामान केंद्रात तिने एकतीस वर्षं ढग मोजले. म्हणजे गच्चीवर जायचं, मनातल्या मनात आकाशाचे आठ भाग करायचे, त्यातले किती झाकलेत ते बघायचं, ढग कुठले आणि किती उंचीवर ते वहीत लिहायचं. दर तीन तासांनी. "याचा पगार देतात?" मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं. दादा म्हणाला, "देतात ना. तू तर फुकटच वर बघत बसतोस."

पण बाईचं काम चोख. शेजारणी कपडे वाळत घालण्याआधी तिच्याकडे यायच्या. पिंजलेल्या कापसाचे तंतू उंचावर दिसले की म्हणायची, आज काही नाही, उद्या-परवा हवा बिघडेल. सूर्य दुधी काचेमागे गेल्यासारखा झाला की संध्याकाळपर्यंत संततधार ठरलेली. बुडाशी सपाट आणि वर गुबगुबीत ढग असले तर खुशाल चादरी धुवा. पण तेच ढग सकाळी अकरालाच फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे फुगायला लागले, तर दुपारी खिडक्या लावून घ्या. माथा पसरून ऐरणीसारखा चपटा झाला तर वीज, वारा, कदाचित गाराही. खाली लोंबणाऱ्या राखाडी थराचं तिला कौतुक नव्हतं. "नुसती भुरभुर. ना धड पाऊस, ना धड ऊन. तुझ्यासारखा आहे तो," असं मला म्हणायची.

दादाला जाऊन दोन वर्षं झाली. हॉस्पिटलमध्ये मीच होतो. पाच वाजून दहा मिनिटांनी डॉक्टर म्हणाले, घरच्यांना बोलावून घ्या. मी वहिनीला फोन केला. केंद्रातून यायला पंधरा मिनिटं लागतात. दादा पाच चाळीसला गेला आणि वहिनी सहाला आली. दुसऱ्या दिवशी केंद्रातला शिपाई भेटायला आला आणि सहज बोलून गेला, बाई साडेपाचची नोंद करूनच निघाल्या.

माझं डोकंच फिरलं. नवरा मरतोय आणि ही ढग मोजतेय! तेव्हापासून मी तिच्याशी कामापुरतं बोलायला लागलो. ती खालच्या मजल्यावर, मी वरच्या. रडू तिलाही आलं नाही, मलाही नाही. दाढ काढताना इंजेक्शन दिलेल्या गालासारखं झालं होतं सगळं. जेवत होतो, झोपत होतो, कामावर जात होतो.

तिने मला तीन-चारदा विचारलं, "शेवटी काही बोलला का रे तो?"

"आठवत नाही," मी म्हणायचो. मला चांगलं आठवत होतं. तेवढी एकच शिक्षा माझ्या हातात होती.

गेल्या महिन्यात ती निवृत्त झाली. सामान आणायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी गेलो. ती साहेबांना किल्ल्या द्यायला गेली आणि मी कपाटातून त्या वर्षाची वही काढली. भांडायला पुरावा हवा होता मला. ते पान सापडलं. वेळ साडेपाच. आकाश निरभ्र. झाकलेले भाग शून्य. खाली तिची सही.

मी पुन्हा वाचलं. त्या दिवशी चार वाजताच वॉर्डातले दिवे लावावे लागले होते. वहिनी आली ती नखशिखांत भिजून. त्याच पानावर, अडीचच्या नोंदीत, तिनेच लिहिलं होतं : ऐरणीचा माथा, सात भाग झाकलेले.

ती परत आली आणि माझ्या हातातली वही बघून दारातच थांबली.

"हे काय लिहिलंयस?" मी विचारलं. "आभाळ फाटलं होतं त्या दिवशी."

"असेल. तुझा फोन ठेवला आणि पर्स घेऊन निघाले. जिन्यापाशी आले तर पाय खाली जायच्या ऐवजी वर गेले. रोजची सवय. वर बघत उभी राहिले. काही दिसत नव्हतं रे. किती वेळ गेला तेही कळलं नाही. मग खाली येऊन वही भरली."

"नंतर दुरुस्त का नाही केलंस?"

"काय लिहू? मी बघितलंच नव्हतं."

हे सगळं तिने पिशवीची चेन लावता लावता सांगितलं, कुणा तिसऱ्याचं सांगावं तसं. माझा राग गेला. त्याच्या जागी मात्र काहीच आलं नाही. मी पिशव्या उचलल्या. पहिल्या मजल्यापर्यंत आम्ही उतरलो.

"त्याने विचारलं होतं तुझ्याबद्दल," मी म्हटलं. "आली का, म्हणाला."

वहिनीने कठडा धरला. "मग?"

"मी सांगितलं, वाटेत आहे."

"खरं वाटलं त्याला?"

"हो. म्हणाला, छत्री नसेल तिच्याकडे, भिजत येईल. टॉवेल काढून ठेव."

ती पायरीवर बसली. तिने विचारलं, "काढला होतास?"

"काढला होता," मी म्हटलं. "तुला दिला नाही."