जयवंताबाईंच्या ढिगातला कडुनिंब

कळमेश्वरजवळच्या आमच्या गावात जयवंताबाईंचं वावर माझ्या वावराला लागून आहे. बाई पन्नाशीच्या, शाळा चौथीपर्यंत, पण चौकशा थेट कलेक्टरसारख्या. शेतीच्या प्रशिक्षणातून त्या एक बाटली घेऊन आल्या आणि गावभर विचारत फिरल्या, "यातले जीव दिसत नाही, मंग ते जिते हायेत हे समजाचं कसं?" कोणालाच सांगता येईना. मलाही नाही, आणि मी तर बारावी सायन्स!

बाटलीत पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, कुजवून खत करणारी बुरशी आणि जिवाणू होते. कापूस वेचून झाला की पऱ्हाटी दरवर्षी पेटवली जायची. यंदा बाईंनी ती यंत्रातून बारीक करून घेतली, ढीग रचला आणि थराथरावर शेणकाल्यातून बाटलीतलं औषध शिंपडलं. नवरा रुपराव म्हणाले, "अक्षय तृतीयेपर्यंत पाहीन. नाही जमलं तं पेटवून देतो."

जीव कामाला लागले की पाच-सहा दिवसांत ढीग तापतो, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. बाई रोज सकाळी ढिगात हात घालून पाहत. पंधरा दिवस झाले तरी ढीग थंडगार. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. मी पाहायला गेलो, तर प्रत्येक थरात कडुनिंबाचा पाला! चांगला दोन पोती!

"कीड लागू नये म्हणून टाकला," त्या म्हणाल्या. तुरीच्या कोठीत जन्मभर घालत आल्या, तसाच इथेही. मला हसू आवरेना. बाई मात्र विचारात पडल्या.

"म्हंजे ज्याइले बोलावलं, त्याइलेच मी हाकलून राहिली काय?"

पण माझ्या हसण्यावर विश्वास ठेवतील तर त्या जयवंताबाई कसल्या! त्यांनी औषध शिंपडलेल्या बारीक पऱ्हाटीची दोन घमेली भरली, एकात पाला घातला, एकात नाही. आठवड्याभरात बिनपाल्याच्या घमेल्यात पांढरी बुरशी पसरली. दुसऱ्यात तिचं नावही नाही. मग बाईंनी अख्खा ढीग फोडला, निघेल तेवढा पाला काढून फेकला आणि उरलेलं औषध शिंपडून पुन्हा रचला. अक्षय तृतीयेला सहाच दिवस उरले होते.

अक्षय तृतीयेच्या सकाळी रुपराव काडीपेटी घेऊनच आले. वरची पऱ्हाटी मोकळी करायला त्यांनी ढिगात हात घातला आणि झटकन मागे घेतला.

"तूच पेटवली काहून वं?"

"म्या नाही पेटवली."

रुपरावांनी वाकून पाहिलं. ना ठिणगी, ना धूर, नुसती वाफ. काडीपेटी खिशात टाकून ते दुसऱ्या बाजूनं हात घालू लागले.

"इकडंबी गरम हाय वं!"

मी दोन वावरांमधल्या धुऱ्यावर उभा राहून ऐकत होतो. माझ्यामागे माझं दोन एकर वावर काळं पडलं होतं. मागच्याच आठवड्यात मी पऱ्हाटी पेटवली होती.